हायब्रिड गाडी घेताना ॲव्हरेजची तुलना कशी करायची: ब्रोशरचा आकडा, आपला रस्ता आणि लिटरचा हिशेब

माझा मामेभाऊ नाशिकला राहतो, मी पुण्यात कोथरूडला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास आम्ही दोघांनीही गाडी बदलायचं ठरवलं आणि दोघांच्याही यादीत एकच नाव उरलं, मारुतीची ग्रँड विटारा. साधी ऑटोमॅटिक घ्यायची की स्ट्राँग हायब्रिड, एवढंच ठरायचं होतं. महिनाभर फोनवर आकडेमोड चालली. शेवटी मी हायब्रिड घेतली आणि त्याने साधी. आज दोघंही समाधानी आहोत, कारण माझी गाडी रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असते आणि त्याची कसारा घाट उतरून मुंबईकडे निघालेली असते.

त्या महिन्यात जे शिकलो ते क्रमाने लिहितो आहे. एका जागी हे सगळं मला कुणी सांगितलं असतं तर शोरूमच्या चार फेऱ्या वाचल्या असत्या.

पहिलं काम: आपलं रनिंग लिहून काढा

गाड्यांचे आकडे बघण्याआधी दोन आठवडे आपल्या सध्याच्या गाडीत एक छोटी वही ठेवा. प्रत्येक फेरीला तीन गोष्टी लिहायच्या: किती किलोमीटर झाले, किती मिनिटं लागली, एसी चालू होता का. इंजिन पूर्ण गार असताना केलेल्या दोन-तीन किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या वेगळ्या खुणेने लिहा. त्या का, ते पुढे येईल.

या नोंदींतून सगळ्यात कामाचा आकडा निघतो तो सरासरी वेगाचा. माझी ऑफिसची फेरी १७ किलोमीटरची, तिला तासभर लागतो. म्हणजे ताशी १७. मामेभावाची सरासरी सहज ५० च्या वर होती. ताशी २५ च्या खाली तुमची सरासरी येत असेल तर हायब्रिडचा विचार मनापासून करा. ५० च्या वर असेल तर हिशेब फार कडक लावा. हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे, पण त्यामागचं कारण पक्कं आहे.

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असलेली गाडी. ती पेट्रोल वाचवते ते तीन ठिकाणी. गाडी उभी असताना किंवा रांगत असताना इंजिन बंद राहतं. ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा मोटरमार्फत बॅटरीत परत येते. आणि मोटर मदतीला असल्यामुळे कंपनीला ॲटकिन्सन पद्धतीचं इंजिन वापरता येतं, जे ताकदीला थोडं कमी पण पेट्रोलला काटकसरी असतं. आता हायवेवर शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीचं बघा. ती थांबत नाही, ब्रेक क्वचित लागतो, इंजिन जवळपास सतत चालू असतं आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढलेला असतो. तीन फायद्यांपैकी दोन जवळजवळ गळून पडले.

घाटाबद्दल एक गैरसमज आहे. ‘घाट उतरताना बॅटरी फुल होते, मग काय, फुकटचं पेट्रोल!’ असं लोक उत्साहाने सांगतात. माणसांसकट दीड टनाची गाडी लोणावळ्याहून खोपोलीला उतरते तेव्हा साधारण ५०० मीटर खाली येते. त्या उताराची एकूण ऊर्जा होते सुमारे २ किलोवॅट-तास. ग्रँड विटाराची हायब्रिड बॅटरी आहे ०.७६ किलोवॅट-तासाची आणि तीही गाडी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू देत नाही. त्यामुळे बहुतेक वेळा घाट संपायच्या आत बॅटरीची जागा संपते आणि पुढे गाडी इंजिन ब्रेकिंगवर येते. घाटाने थोडं मिळतं, पण घाटासाठी हायब्रिड घेऊ नये.

कुठल्या हायब्रिडबद्दल बोलतोय?

शोरूममध्ये एकच साधा प्रश्न विचारा: ‘ही गाडी नुसत्या बॅटरीवर हलते का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर ती माइल्ड हायब्रिड. तिच्यातली छोटी मोटर सिग्नलला बंद पडलेलं इंजिन अलगद सुरू करते, वेग घेताना थोडा हात लावते, बस. मारुती तिला स्मार्ट हायब्रिड म्हणते, टोयोटा हायरायडरमध्ये तीच निओ ड्राइव्ह या नावाने येते. ग्रँड विटारा आणि हायरायडरची वरची मॉडेल्स, होंडा सिटी ई:एचईव्ही, इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड, मारुती इन्व्हिक्टो या स्ट्राँग हायब्रिड. पार्किंगमधून बाहेर पडताना यांचं इंजिन बऱ्याचदा सुरूच झालेलं नसतं. यांना चार्जिंगला लावायचं नसतं, प्लगच नसतो. प्लग असलेल्या हायब्रिड आपल्याकडे मोजक्या आणि महागड्या आहेत, त्या इथे सोडून देतो.

हा फरक एसीत फार जाणवतो. स्ट्राँग हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही थंड हवा येत राहते. माइल्डमध्ये तो पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असतो. मे महिन्यात विद्यापीठ चौकात अडकलात की केबिन थंड ठेवायला इंजिन चालू ठेवावंच लागतं आणि सिग्नलला इंजिन बंद करून होणारी बचत संपते.

ब्रोशरवरचा आकडा कुठून येतो

आपल्याकडचा जाहिरातीतला आकडा ‘एआरएआय’चा, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचा म्हणून ओळखला जातो. ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. चाचणीत गाडी रस्त्यावर जात नाही, रोलरवर चालते. ठरवून दिलेल्या पद्धतीने वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. एकूण १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांच्या आत, आणि वेग कधीच ९० च्या वर जात नाही. एसी बंद. एक्झॉस्टमधून निघालेल्या वायूंतल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळलं ते काढतात.

हा आकडा खोटा नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणून एका गाडीची दुसरीशी तुलना करायला तो उपयोगी पडतो. पण तुमच्या रस्त्यावर काय मिळेल हे सांगणं हा त्याचा हेतूच नाही. एका शोरूममध्ये मला छातीठोकपणे सांगितलं गेलं, ‘सर, अठ्ठावीस तर आरामात देते.’ एवढं ॲव्हरेज रोजच्या वापरात मिळेल असं धरून हप्ता ठरवू नका.

आकडे घेताना मॉडेलपर्यंत खाली उतरा. ग्रँड विटारा म्हटलं की सगळे २७.९७ सांगतात. तो फक्त स्ट्राँग हायब्रिडचा. आम्ही बघितलं तेव्हा माइल्ड हायब्रिड मॅन्युअलचा २१.११, ऑटोमॅटिकचा (मी ‘साधी’ म्हणतो ती हीच) २०.५८ आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या मॅन्युअलचा १९.३८ होता. स्ट्राँग हायब्रिडला क्लचचं पेडल नसतं, म्हणून तिची तुलना ऑटोमॅटिकशीच करायची, मॅन्युअलशी नाही. वर्षही बघा. सिटी ई:एचईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा २६.५ होती, नंतर २७.१३ झाली.

आणखी एक. २०२२-२३ चे रिव्ह्यू वाचताना लक्षात ठेवा की आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे जुन्या रिव्ह्यूतलं ॲव्हरेज आजच्या टाकीतून निघालं नाही तर गाडीला दोष देऊ नका. दोन गाड्यांमधला फरक मात्र यामुळे फारसा बदलत नाही, कारण दोघींच्या पोटात तेच पेट्रोल जातं.

किलोमीटर सोडा, लिटर धरा

माझ्या मते सगळ्या तुलनेचा गाभा हा आहे, म्हणून इथे थोडा वेळ काढा.

आपण ॲव्हरेज म्हणतो ते ‘लिटरला किती किलोमीटर’. पण पैसे आपण किलोमीटरचे देत नाही, लिटरचे देतो. म्हणून प्रत्येक आकडा उलटा करून घ्या: १०० ला त्या आकड्याने भागा. येतं ते १०० किलोमीटरला लागणारे लिटर. युरोपात आकडा असाच सांगतात. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवरच्या स्टिकरवर शहर आणि हायवे वेगळे छापलेले असतात, शिवाय १०० मैलांना किती गॅलन तेही असतं. तिकडे कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्या गाडीच्या स्टिकरचा फोटो मागवून बघा, मुद्दा लगेच कळेल.

आता दोन जोड्या घेऊ. ग्रँड विटारा ऑटोमॅटिक २०.५८, हायब्रिड २७.९७. फरक साधारण ७.४ किलोमीटर. इनोव्हा हायक्रॉस साधी पेट्रोल १६.१३, हायब्रिड २३.२४. फरक ७.१. दिसायला दोन्हीकडे फायदा सारखाच. उलटे करून बघा:

ग्रँड विटारा: ४.८६ वरून ३.५८ लिटर. दर १०० किलोमीटरला १.२८ लिटरची बचत.
हायक्रॉस: ६.२० वरून ४.३० लिटर. दर १०० किलोमीटरला १.९० लिटरची बचत.

वर्षाला १५,००० किलोमीटर धरले तर एकीकडे सुमारे १९३ लिटर वाचतात, दुसरीकडे २८५. किलोमीटरमध्ये जिचा फरक कमी होता ती इथे जवळजवळ दीडपट पुढे निघाली. जड, जास्त पिणाऱ्या गाडीत हायब्रिड जास्त कमावते. आधीच काटकसरी असलेल्या गाडीत ॲव्हरेज कितीही डोळे दिपवणारं दिसलं तरी वाचणारे लिटर कमी असतात.

टेस्ट ड्राइव्ह: पाच किलोमीटरवर विश्वास ठेवू नका

शोरूमची नेहमीची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे चौकापर्यंत जाऊन परत. परत आल्यावर स्क्रीनवर ३२ किंवा ३५ दिसतं आणि माणूस खूश होतो. त्यात काय चुकतं ते सांगतो. पाच किलोमीटरला गाडी साधारण पाव लिटर पेट्रोल खाते. निघताना बॅटरी भरलेली असेल आणि परत येताना रिकामी असेल, तर तिच्यातून वापरलेली वीज एक दशांश लिटर पेट्रोलच्या जवळपास जाते. म्हणजे पाव लिटरच्या हिशेबात तेवढी चूक! ती वीज गाडी पुढच्या फेरीत इंजिन चालवून भरून काढणार, पण तेव्हा तुम्ही गाडीत नसाल.

म्हणून असं करा. किमान २५-३० किलोमीटरची ड्राइव्ह मागा. नाहीच म्हणाले तर दुसऱ्या डीलरकडे जा, मला दुसऱ्या ठिकाणी मिळाली. वेळ तुमच्या ऑफिसच्या वेळेची घ्या, रविवारी सकाळची नको. इंजिन आधी गरम झालेलं आहे का विचारा. गार इंजिन असेल तर एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्यासाठी गाडी इंजिन चालवतेच, गरज असो वा नसो. दोन-तीन किलोमीटरच्या भाजी-शाळा फेऱ्या वेगळ्या लिहायला सांगितल्या त्या याचसाठी. ज्यांचं सगळं रनिंग अशा फेऱ्यांचं आहे, त्यांना स्ट्राँग हायब्रिडही निराश करते.

निघताना ट्रिप मीटर शून्य करा आणि बॅटरीच्या किती काड्या आहेत त्याचा फोटो घ्या. एसी तुम्ही घरी ठेवता तेवढाच ठेवा. परत आल्यावर काड्या तेवढ्याच असतील तर आकडा धरा, कमी असतील तर तो फुगलेला आहे असं समजा. लगेच त्याच रस्त्यावर साधी ऑटोमॅटिक चालवा. दोन्ही गाड्या एकाच संध्याकाळी, एकाच रस्त्यावर. ही तुलना कुठल्याही व्हिडिओपेक्षा मोलाची आहे.

मी चांदणी चौकाकडून निघालो होतो. चढाला इंजिन लागलं, तीन सिलिंडरची घरघर स्पष्ट ऐकू आली. पुलावरून खाली उतरताना स्क्रीनवरचं ‘ईव्ही’ (म्हणजे नुसत्या बॅटरीवर) हिरवं झालं आणि बाणेरच्या रांगेत शिरल्यावर गाडीत फक्त एसीचा आवाज राहिला. बाजूच्या गाड्या गुरगुरत होत्या. वीस मिनिटांच्या त्या रांगेत इंजिन दोनदा आपणहून सुरू झालं, मिनिट-दीड मिनिट चाललं, बॅटरी वर आणून पुन्हा गप्प झालं. सोबतच्या सेल्समनने सांगितलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला ती शांतता जास्त पटली.

मालकांना विचारताना

‘ॲव्हरेज किती देते?’ असं विचारू नका, लोक आयुष्यातला सगळ्यात चांगला आकडा सांगतात. ‘फुल टाकीत किती किलोमीटर जाते आणि रिझर्व्हला भरताना किती लिटर बसतं?’ असं विचारा. शक्य झालं तर तुमच्याच रस्त्याने जाणारा मालक शोधा. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये मला दोघं भेटले, एक वाकडहून येणारे, एक सिंहगड रोडवरून. दोघांच्या आकड्यांत लिटरला तीन किलोमीटरचा फरक होता, गाडी एकच.

आता पैसे

जास्तीची किंमत काढताना एक्स-शोरूम नको, ऑन-रोड घ्या. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स आहे, २० लाखांच्या वर १३ टक्के. एक्स-शोरूममधल्या जास्तीच्या प्रत्येक लाखावर आधी हे लागतात, शिवाय विम्याचा हप्ता वाढतो. कर्ज काढणार असाल तर व्याजही. आणि दोन्ही गाड्यांची मॉडेल्स सारख्याच सोयींची घ्या. सनरूफचे पैसे हायब्रिडच्या माथी मारू नका.

समजा ऑन-रोड फरक ३ लाखांचा आहे, वर्षाचं रनिंग १५,००० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये. त्याच दोन गाड्यांची तीन उत्तरं बघा.

ब्रोशरच्या आकड्यांनी: वर्षाला १९३ लिटर, म्हणजे सुमारे २०,२०० रुपये. ३ लाख वसूल व्हायला जवळजवळ १५ वर्षं.

माझ्यासारख्या ट्रॅफिकमध्ये, साधी १२ देते आणि हायब्रिड २० देते असं धरून: १०० किलोमीटरला ८.३३ आणि ५ लिटर. वर्षाला ५०० लिटर वाचले, ५२,५०० रुपये. पावणेसहा वर्षं.

मामेभावाच्या हायवेवर, साधी १७ आणि हायब्रिड २० धरून: ५.८८ आणि ५ लिटर. वर्षाला १३२ लिटर, सुमारे १३,९०० रुपये. एकवीस वर्षांहून जास्त.

ब्रोशर शहरातल्या माणसाला हायब्रिडचा फायदा कमी करून सांगतं आणि हायवेवरच्या माणसाला वाढवून. हे गणित कागदावर उतरलं त्या रात्री मामेभावाने फोनवर एवढंच म्हटलं, ‘मग झालंच की ठरवून, दादा.’ तुम्ही तुमचे आकडे घालताना ॲव्हरेजचे दोन अंदाज घ्या, एक हात राखून आणि एक मोकळा. हात राखून केलेल्या हिशेबातही गाडी तुमच्याकडे राहील तेवढ्या वर्षांत पैसे वसूल होत असतील तरच पैशांसाठी हायब्रिड घ्या. शांतपणा, गिअरची कटकट नाही, हीसुद्धा घ्यायला चांगली कारणं आहेत, पण ती वेगळ्या खात्यात लिहा.

बॅटरीची भीती लोक घालतात. टोयोटा, मारुती आणि होंडा या तिघांचीही हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे, जे आधी होईल ते. वसुलीची वर्षं या मुदतीच्या आत बसतात का ते बघा, म्हणजे मनाला घोर राहणार नाही. डिकी मात्र प्रत्यक्ष उघडून बघा. ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या हायब्रिडमध्ये बॅटरीमुळे डिकीचा तळ वर आला आहे. आमच्या दोन मोठ्या बॅगा आडव्या बसत नाहीत, एक मागच्या सीटवर जाते.

गाडी घरी आल्यावर

पहिले हजार किलोमीटर मोजू नका. नंतर एक पंप ठरवा, शक्यतो तीच मशीन. हवा कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात, गार टायरला भरलेली. ‘दादा, पहिल्या कटला थांबा, राउंड फिगर नको,’ असं आधीच सांगा, नाहीतर सवयीने आणखी दोनदा नोझल दाबलं जातं आणि हिशेब बिघडतो. ट्रिप मीटर शून्य करा, टाकी बरीच खाली येऊ द्या, पुन्हा तिथेच पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. असं लागोपाठ तीन टाक्यांचं काढा आणि तिन्हींच्या किलोमीटरच्या बेरजेला लिटरच्या बेरजेने भागा. टाकीभर अंतरात बॅटरीच्या काड्यांचा फरक नगण्य ठरतो, टेस्ट ड्राइव्हसारखी फोटोची गरज नाही.

माझ्या पहिल्या मोजलेल्या टाकीला ६१२ किलोमीटर झाले होते. स्क्रीन २२.४ दाखवत होती. पंपावर बसलं २९.०२ लिटर, म्हणजे २१.१. तेव्हापासून माझ्या वहीत पंपाचाच आकडा जातो, आणि पुढच्या दोन टाक्यांना तो २०.६ आणि २०.९ आला.